कार्डावरची पेटी

या आठवड्याचं पत्र सांगलीहून आलंय. थोडं कापून देते.

‘वय ३६. पंधरा वर्षं पेटी वाजवतोय. मुख्यतः साथ करतो, वर्षाकाठी दोन-तीनदा एकल वादन होतं, संध्याकाळी बारा-पंधरा मुलं घरी शिकायला येतात. कार्ड कधी केलं नाही. गेल्या महिन्यात एका मैफलीनंतर बाहेरगावच्या आयोजकांनी कार्ड मागितलं, तेव्हा चहाच्या बिलामागे नंबर लिहून दिला. शेजारी तबलजींनी ऐटीत कार्ड काढून दिलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. भाच्यानं मोबाइलवर एक लोगो तयार करून दिलाय, सोबत जोडतो. त्यात वीणा आहे, मोरपीस, ओम, इंग्रजी संगीतातलं ते वळणाचं चिन्ह, पेटीच्या पट्ट्या, आणि सगळं सोनेरी. बायकोला आवडला. गुरुजींना दाखवला तर म्हणाले, “आपण काय साबण विकतो का?” मला साधा लोगो हवाय, पण साधा म्हणजे नेमका कसा ते सांगता येत नाही. पाच हजारांच्या आत सगळं बसलं पाहिजे. कृपया नाव छापू नका.’

प्रिय पेटीवाले,

साबणाचा प्रश्न वाचून आधी हसले, मग दोन दिवस तोच डोक्यात घोळत राहिला. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

आधी भाच्याचं चित्र. पोराची हौस दांडगी आहे, त्याला रागावू नका. पण त्यातल्या पेटीच्या काळ्या पट्ट्या मोजून पाहिल्यात का? मी भिंग घेऊन मोजल्या. तीन, तीन, दोन, चार. दोन आणि तीन, पुन्हा दोन आणि तीन, हा क्रम तुमच्या बोटांना झोपेतही पाठ असेल. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या हातात हे कार्ड पडलं की त्याला काहीतरी खटकेल, आणि काय खटकलं ते कळायच्या आत त्याचं तुमच्याबद्दल मत होऊन गेलेलं असेल. मोबाइलवर अशी चित्रं क्षणात तयार होतात, पण सप्तक मोजायचं काम अजून माणसालाच करावं लागतं.

वीणेचं तर मला खरंच नवल वाटलं. तुम्ही सांगलीचे. मिरज हाकेच्या अंतरावर. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्या भागातल्या माणसानं कार्डावर तंतुवाद्य छापलं तर फोन कसले येतील? ‘तंबोऱ्याची जवारी लावून मिळेल का?’ ‘भोपळा तडकलाय, किती घ्याल?’ दिवसातून दोनदा तुम्हाला सांगावं लागेल की मी तो नव्हे, आणि मिरजेतल्या कुणाचा तरी नंबर द्यावा लागेल. वीणेखाली लहान अक्षरात ‘संवादिनी’, म्हणजे पेटी, असं लिहिलेलं कुणी वाचत नाही हो. लोक चित्र बघतात.

मग ते वळणाचं चिन्ह. ते संगीताचं चिन्ह आहे असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. क्लासच्या पाटीवर, रिक्षाच्या मागे, लग्नाच्या ऑर्केस्ट्राच्या बॅनरवर, सगळीकडे तेच. त्याचा अर्थ मात्र अगदी मर्यादित आहे. पाश्चात्त्य स्वरलिपीत पाच आडव्या रेघा असतात आणि खालून दुसऱ्या रेघेवर ‘जी’ हा स्वर बसतो, एवढंच ते सांगतं. मुळात ते ‘जी’ या रोमन अक्षराचंच वळण घेत गेलेलं रूप आहे. कुणी म्हणेल, पेटी तरी कुठे आपली, तीही युरोपातूनच आली. खरंय. पण कोलकात्यात वाद्यं बनवणाऱ्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून बसणाऱ्याच्या हाती दिली, तुमच्या शेजारच्या कोल्हापुरातल्या गोविंदराव टेंबे यांनी एकल वादनात तिला मानाचं पान वाढलं, आणि एवढं होऊनही ऑल इंडिया रेडिओनं १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं तिला बाहेर ठेवलं. तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आणि श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, लागत नाहीत म्हणून. इतकी वर्षं परकेपणाचा शिक्का वागवलेल्या वाद्याच्या कपाळावर आपणच पुन्हा ते चिन्ह कशाला चिकटवायचं?

आणि चिन्हंच हवी असतील तर आपल्या घरात काय कमी आहेत? आपलं शास्त्रीय संगीत कागदावर लिहायची पंडित भातखंड्यांची स्वरलिपी उघडा. कोमल स्वराच्या पायाशी आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, ‘खाली’ला (जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेला) शून्य. यापेक्षा साधं काय असणार? तुमच्या त्या तबलजींनी मला विचारलं असतं तर मी त्यांना एक फुली आणि एक शून्य, दोन्ही ठसठशीत, एवढंच काढून दिलं असतं. (त्यांच्या कार्डावर काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुतेक तबलाच असेल.)

मोरपीस आणि ओम याबद्दल काही म्हणत नाही. श्रद्धा असेल तर घरात लावा.

आता गुरुजी. ते निम्मे बरोबर आहेत. कलावंताची ओळख त्याच्या हाताची असते; आयोजक कार्ड बघून पेटीवाला ठरवत नाही, दुसऱ्या गायकाला विचारून ठरवतो. पण साथीदाराचं दुखणं वेगळं आहे आणि ते तुमच्या पत्रात ओळींच्या मधून दिसतं. गायकाचा फोटो हातभर, त्याखाली आयोजक, त्याखाली प्रायोजक सराफ, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ‘साथसंगत’. त्यात नाव चुकलेलं. मी तीस वर्षं मैफलींच्या पत्रिका आणि जाहिराती लिहिल्या, तेव्हा या पापात माझाही वाटा आहे. जागा संपली की पहिली कात्री साथीदारांच्या ओळीला लागायची. तेव्हा तुमचं नाव तुम्हाला हवं तसं, पुऱ्या आकारात, एकदा तरी कुठेतरी छापलेलं असावं, ही मागणी मला साबण विकण्यासारखी वाटत नाही. गुरुजींना माझा नमस्कार सांगून हे सांगा. पटणार नाही त्यांना, पण सांगा.

म्हणूनच माझा सल्ला असा की चिन्हाचा विचार आज बाजूला ठेवा आणि आधी नाव लिहा. अक्षरांतूनच चित्र काढायची मोठी परंपरा मराठीत आहे. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नावांना जी वळणं दिली ती पाहून शीर्षक वाचायच्या आधी नाटक विनोदी आहे की गंभीर ते कळायचं. त्यांना वेगळं चित्र काढायची गरज फारशी पडत नसे.

नाव फॉन्टमध्ये टाइप करून चालेल का? चालेल. ‘मुक्त’सारखे चांगले देवनागरी फॉन्ट आज फुकट मिळतात, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला तो फॉन्ट व्यवसायासाठी वापरायलाही मोकळा आहे. पण एक बघून घ्या. तुमच्या आडनावात ‘ल’ आहे. मराठी ‘ल’ पाकळीचा, हिंदी ‘ल’ वेगळा. ‘श’चंही तसंच, आपला देठाचा. बरेच फॉन्ट आधी हिंदी रूप देतात आणि आपल्याला काहीतरी परकं वाटत राहतं, काय ते मात्र सापडत नाही. नाव आपलं आहे, ते आपल्या वळणाचं दिसावं.

त्याहून बरं म्हणजे हातानं लिहून घ्या. सांगलीत पाट्या रंगवणारा एखादा जुना पेंटर अजून नक्की असेल. फ्लेक्सनं या लोकांच्या पोटावर पाय आणला, पण हात तसेच आहेत. त्याला तुमचं नाव काळ्या रंगात, सपाट ब्रशनं, पांढऱ्या कागदावर वीस वेळा लिहायला सांगा. घासाघीस करू नका. वीसातलं एखादं असं उतरतं की बघताक्षणी हात तिथेच थांबतो.

आता चिन्ह. नाव लिहिताना ते आपोआप सापडलं म्हणून सांगते. मी तुमचं नाव कागदावर लिहीत बसले होते, शेजारी भाच्याचं चित्र होतं, आणि एकदम लक्षात आलं की आपली अक्षरं रेघेला लटकलेली असतात. रोमन अक्षरं जमिनीवर उभी राहतात, देवनागरी शिरोरेघेखाली लोंबते. आणि पेटीच्या काळ्या पट्ट्या? त्याही वरच्या कडेपासून खाली आलेल्या. दोन, मग मोकळी जागा, मग तीन. म्हणजे शिरोरेघ ओढली आणि तिला पाच दांड्या लटकवल्या, की ते एक सप्तक झालं आणि अक्षरासारखंही दिसलं. पांढऱ्या पट्ट्या काढायचीच गरज नाही, कागद पांढरा आहे.

हे तुम्ही स्वतः काढू शकता. मुलांची चौकटीची वही घ्या. शिरोरेघ २८ चौकटी लांब, २ चौकटी जाड. २८ का, तर सात पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकी ४ चौकटी. काळी पट्टी दोन पांढऱ्यांच्या सांध्यावर बसते, २ चौकटी रुंद. आता डावीकडून मोजा: ३ चौकटी सोडा, पहिली दांडी, २ सोडा, दुसरी दांडी, मग ६ सोडा, तिसरी, २ सोडा, चौथी, २ सोडा, पाचवी, आणि उजवीकडे ३ उरतात. दांड्यांची लांबी शिरोरेघेखाली १० चौकटी. उरलेल्या जागा पाहा कशा आपसूक जमल्या: दांडी जेवढी जाड तेवढीच जवळची फट, आणि दोन गटांमधली फट बरोबर तिप्पट. हे मी ठरवून केलेलं नाही, सप्तकच तसं आहे.

प्रत्यक्ष पेटीवर काळ्या पट्ट्या अगदी सांध्याच्या मधोमध नसतात, थोड्या इकडे-तिकडे सरकलेल्या असतात, हे मला माहीत आहे. कुणी पेटी बनवणारा कारागीर ते दाखवून देईल. दाखवू दे.

मधल्या त्या ६ चौकटींना मात्र हात लावू नका. कार्डवाला म्हणेल, ‘साहेब, अंतर समान करू का, छान दिसेल.’ समान केलंत की त्याचा कंगवा झाला. मी पहिल्या कच्च्या चित्रात तसं करून पाहिलं आणि आमच्या कामवाल्या मावशींना दाखवलं. ‘सलूनचं हाय का?’ म्हणाल्या. दोन-तीनचा गट करून पुन्हा दाखवलं तर घटकाभर बघून म्हणाल्या, ‘भजनातली पेटी.’ पास.

आता यात तुमचं स्वतःचं काय? एवढं तर कुणीही पेटीवाला छापेल, ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवालाही. तुम्ही पत्रात ओघात एक वाक्य लिहिलंय: ‘नवीन गायक असला की मी नमस्कारानंतर पहिलं विचारतो, पट्टी कुठली?’ पट्टी म्हणजे गायकाचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा ते. मला वाटतं तुमचा लोगो त्या वाक्यात आहे. पाचांपैकी एक दांडी थोडी लांब करा, १० ऐवजी १३ चौकटी. दाबलेली पट्टी. तुम्ही एकल वादनाला जी पट्टी घेता ती. काळी एक घेत असाल तर डावीकडची पहिली, काळी चार घेत असाल तर तिनाच्या गटातली मधली. सामान्य माणसाला ते फक्त चित्राला आलेलं एक वळण वाटेल. गाणारा माणूस कार्ड हातात घेऊन विचारेल, ‘काळी चारच का हो?’ आणि तिथून गप्पा सुरू होतील. पांढरी घेत असाल तर पंचाईत आहे, मग सगळ्या दांड्या सारख्याच ठेवा. उगाच खोटी पट्टी दाबू नका, विचारणारा विचारतोच.

हे चिन्ह नावाच्या डावीकडे ठेवा आणि त्याची शिरोरेघ पुढे तशीच नावाच्या शिरोरेघेत जाऊ द्या. दांड्यांची लांबी आणि नावातल्या कान्यांची लांबी एक, रेघेची जाडी एक. चिन्ह म्हणजे तुमच्या नावाचं पहिलं अक्षर झालं. पेंटरनं लिहिलेल्या नावाची शिरोरेघ वळणदार असेल तर हे जुळणार नाही. त्याला आधीच चिन्हाची ही रेघ दाखवा आणि तेवढ्या जाडीचा ब्रश घ्यायला सांगा. शिक्क्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गोलात नाव मावत नाही, तिथे नुसतं चिन्ह वापरा.

भात्याचा विचार मीही केला होता. उघडलेल्या भात्याच्या घड्या कागदावर फार सुरेख दिसतात. पण नखाएवढ्या आकारात आणल्या की त्याचं अर्धवट उघडलेलं पुस्तक होतं, नाहीतर पंखा. पूर्ण पेटी काढली तर ती सूटकेस दिसते. दोन्ही कागद फाडले.

साधेपणाबद्दल तुम्ही विचारलंय. मी व्याख्या करत नाही, माझी एक जुनी चूक सांगते. तीसेक वर्षांपूर्वी एका गायिकेचं कार्ड केलं होतं. जांभळा कागद, चंदेरी शाई, डाव्या कोपऱ्यात तंबोरा. मी तो हातभर कागदावर काढला होता, चार तारा केसासारख्या बारीक, घोडीवर नक्षी. सगळे वाहवा करत होते. तो लहान करून स्क्रीन प्रिंटिंगला दिला आणि हजार कार्डं छापून आली. तारा गायब. एकाही कार्डावर एकही तार नाही. बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘बिनतारांचा तंबोरा. माझ्या वैऱ्यांना बरं निमित्त दिलंत.’ पैसे त्यांनी देऊ केले, मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी कुठलंही चिन्ह आधी नखाएवढंच काढते आणि मग मोठं करते.

तुमच्या चिन्हाचा हिशेब करून बघा. २८ चौकटी जर १४ मिलिमीटरमध्ये बसवल्या तर एक चौकट अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे दांडी एक मिलिमीटर जाड. ती ऑफसेटवर टिकते, रबरी शिक्क्यावर टिकते, झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही टिकते. सोनेरी फॉइलमध्येसुद्धा फटी बुजणार नाहीत, वहिनींना सोनेरी फारच आवडत असेल तर. साध्या छपाईत पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नये, स्क्रीन किंवा फॉइल असेल तर अर्ध्यापेक्षा. आणि आधी एकाच रंगात, काळ्यात, उभं राहतंय का ते बघा. काळ्यात जे उभं राहत नाही त्याला सोनं वाचवत नाही.

स्टेट बँकेचं चिन्ह मिटल्या डोळ्यांनी काढता येतं की नाही? निळा गोल, मध्ये भोक, खाली चीर. तुमच्या क्लासमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला तुमचं चिन्ह एकदा दाखवा, झाका, आणि काढायला सांगा. दोन आणि तीन त्याला तुम्हीच शिकवलेले असणार, त्यामुळे तो काढेल. दांड्या सहा काढल्या तर चिन्हात दोष नाही, शिकवणीत आहे.

कार्डावर शब्द किती? नाव. त्याखाली ‘संवादिनी’. आता हा वाद तुमच्या घरात होईल: संवादिनी, हार्मोनियम की पेटी? कार्डावर संवादिनी शोभतं, पण लोक फोनमध्ये तुमचा नंबर ‘पेटी सांगली’ म्हणूनच साठवणार आहेत. ते थांबवता येणार नाही आणि थांबवूही नका, रात्री अकराला एखाद्या साथीदाराचा ताप वाढला की त्याच शब्दावर तुम्ही सापडता. मग ‘एकल वादन, साथ, शिकवणी’, फोन नंबर, गाव. पत्ता नको, क्लासची मुलं शेजारपाजारचीच आहेत. ईमेल वापरत असलात तरच घाला. विशारद, अलंकार हे क्लासच्या पाटीवर लावा, पालकांना त्याचा आधार वाटतो. मैफलीच्या कार्डावर त्याची गरज नाही. ‘पंडित’ तुम्ही लावणार नाहीच. ‘सुरांची साथ, आयुष्यभर’ वगैरे ओळ भाच्यानं सुचवली असेल तर तिलाही गोड बोलून घरी ठेवा.

कार्ड दोन भाषांत हवं का? बेळगाव-धारवाडकडचे कार्यक्रम असतात असं लिहिलंय, तेव्हा मागच्या बाजूला नाव आणि नंबर रोमन लिपीत द्या. तिथे शिरोरेघ नसते, त्यामुळे चिन्ह वेगळं वर ठेवावं लागेल. ओढूनताणून रोमन अक्षरांवर रेघ मारू नका. परदेशातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर भारतीय दिसण्यासाठी तसं करतात, आपल्याला ती सोंगं कशाला?

मागची उरलेली जागा मोकळी सोडा, आणि हे मी आग्रहानं सांगते. कार्डवाला दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन देतो म्हणेल. दिसायला छान असतं, पण त्यावर पेन नीट उठत नाही. तुमचं कार्ड विंगेत, गाडीत, जेवणाच्या पंगतीत दिलं जाणार. समोरचा तिथेच लिहिणार: ‘१२ तारीख, ६ वाजता, काळी दोन.’ लॅमिनेशन फक्त पुढून करा, मागून नको. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, पुरे.

छापखान्यात द्यायच्या वेळी दोन गोष्टी. आपल्याकडचे बहुतेक कार्डवाले कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. चौकटीच्या वहीतलं चिन्ह त्यांच्यासमोर बसून कोरलमध्ये काढून घ्या, साधे सहा आयत आहेत, फार वेळ लागत नाही. मोबाइलचा फोटो चिकटवू देऊ नका, मोठ्या बॅनरवर त्याच्या कडा फाटतात. नाव फॉन्टमध्ये असेल तर ‘कर्व्ह करून ठेवा’ म्हणा, म्हणजे फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली तरी अक्षरं चित्रासारखी जशीच्या तशी राहतात. ते केलं नाही तर पहिली वेलांटी सरकते, मग रफार, मग जोडाक्षराचे पाय सुटतात, आणि तुमच्या आडनावात या तिन्ही गोष्टी आहेत. कार्डाचा आकार साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे ८९ बाय ५१ मिलिमीटर. कटिंगमध्ये मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच, म्हणून सगळा मजकूर कडेपासून पाच मिलिमीटर आत.

ती फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. लोक विसरतात, आणि पुढच्या वर्षी कार्डवाल्यानं दुकान बदललेलं असतं. पुढच्या मैफलीच्या वेळी आयोजकांना तीच फाइल पाठवा, ‘माझं नाव असं छापा’ म्हणून. दहातले दोघे छापतील. उरलेल्या आठांकडे निदान नावाचं शुद्धलेखन तरी पोचेल.

खर्चाचं म्हणाल तर पाच हजार पुष्कळ आहेत. त्यातला मोठा वाटा पेंटरला द्या, त्याच्याकडून ‘हे लिखाण तुमचं, हवं तिथे वापरा’ असं दोन ओळीत लिहून घ्या. उरलेल्यात छपाई. हजार कार्डं छापू नका, स्वस्त पडतात म्हणून छापाल आणि नंबर बदलला की रद्दीत जातील. दोनशे.

भाच्याचं मन मोडू नये म्हणून त्याला एक खरं काम द्या. तुमच्या एकल वादनाचा एक चांगला, पाच-सात मिनिटांचा तुकडा तो कुठेतरी नीट चढवू दे आणि त्याचा क्यूआर कोड मागच्या बाजूला कोपऱ्यात, लिहायची जागा सोडून, दोन सेंटिमीटरचा, काळ्यात. गायकामागे न बसता तुम्ही कसे वाजता हे आयोजकाला त्यातून ऐकू येईल. वीणा कुठे गेली असं त्यानं विचारलं तर माझं नाव सांगा.

प्रूफ आलं की सही करण्याआधी ते वहिनींच्या हातात द्या, आणि कार्डावरचा नंबर त्यांच्या फोनवरून, कार्डावर बघून, एकेक आकडा दाबत लावायला सांगा. तुमचा फोन वाजला तरच छपाईला द्या.

तुमची,
अक्षरवाली